पेच : एका न निघणाऱ्या स्क्रूचा इतिहास

१/
जुना, हातात मावणारा गेमिंग कन्सोल ज्यांनी कधी उघडून पाहिला असेल, त्यांना हा अनुभव नक्की आला असेल. पाठीमागचे पाच स्क्रू सुरळीत निघतात आणि सहावा हटून बसतो. पेचकस घसरतो, डोक्यावरची खाच गोल होत जाते आणि प्रत्येक प्रयत्नागणिक काम अधिकच बिघडते. यंत्राने लोणावळ्याच्या घरात दहा-पंधरा पावसाळे काढले असतील, तर विचारूच नका.
आजचा धागा या सहाव्या स्क्रूविषयी आहे. तो का निघत नाही, याचे उत्तर शोधताना आपल्याला जपानचे एक बेट, वडगावची लढाई आणि बोरघाट अशा तीन ठिकाणी जावे लागणार आहे.

२/
प्रारंभ शब्दापासून करू. 'पेच' हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ पीळ किंवा वळसा. शिरपेच, डावपेच, पेचप्रसंग ही सगळी त्याचीच भावंडे. स्क्रू फिरवण्याचे हत्यार म्हणून 'पेचकस'. त्याआधीचा आपला शब्द 'मळसूत्र'. कुड्यांच्या मागची फिरकी ज्या दांडीवर बसते, तिच्यावरचे वळसे म्हणजे मळसूत्रच.
या वळशांना कारागीर 'आटे' म्हणतात. 'आटे गेले' हे दोन शब्द कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानातील सर्वांत दुःखद वाक्य होय.

३/
अडकलेल्या स्क्रूमागे तीन गोष्टी असतात : त्याचे आटे, त्याचे डोके आणि त्यावरचा गंज. आटे सांगतात, तो कोणत्या मापाने घडला. डोके सांगते, तो कोणी उघडावा अशी घडवणाऱ्याची इच्छा होती. गंज सांगतो, तो कोठे राहिला. या तिन्हींना स्वतंत्र इतिहास आहे. आपण आट्यांपासून सुरुवात करू.

४/
इ. स. १५४३. जपानच्या दक्षिणेकडील तानेगाशिमा बेटावर एक चिनी जहाज लागले. त्यावर पोर्तुगीज होते आणि त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका होत्या. बेटाचा तरुण अधिपती तोकिताका याने दोन बंदुका विकत घेतल्या आणि तशाच घडवण्याची आज्ञा आपल्या लोहाराला दिली.
नळी घडली, चाप घडला. अडले ते एका ठिकाणी. नळीचे मागचे तोंड बंद करणारा जाड स्क्रू कसा करावा, हे त्याला उमगेना. तलवारीसाठी जगात नावाजलेल्या त्या देशात तोवर स्क्रू नव्हता.

५/
पुढच्या वर्षी आलेल्या एका परदेशी लोहाराकडून ही विद्या मिळाली, असे १६०६ च्या 'तेप्पो-कि' या जपानी वृत्तान्तात नोंदले आहे. लोहाराने त्यासाठी आपली मुलगी पोर्तुगिजाला दिली, अशी दंतकथाही त्या बेटावर सांगितली जाते.
जपानी भाषेत स्क्रूला 'नेजी' म्हणतात. हा शब्द 'पिळणे' या क्रियापदापासून आला आहे. म्हणजे आपला 'पेच' आणि त्यांचा 'नेजी' यांचा मूळ अर्थ एकच. हा धागा पुन्हा जपानला जाणार आहे, तेव्हा हे बेट लक्षात असू द्या.

६/
तो स्क्रू इतका महत्त्वाचा का होता? तो काढता येत असे म्हणून. बारुदीची राख नळीच्या तळाशी साचते. मागचा स्क्रू काढला की नळी आरपार दिसते आणि साफ करता येते.
खिळा आणि स्क्रू यांच्यातील खरा भेद येथे आहे. खिळा दोन वस्तू जोडतो. स्क्रू त्या जोडतो आणि पुढे कधीतरी कोणीतरी ही वस्तू पुन्हा उघडेल, हे गृहीतही धरतो. हा मुद्दा शेवटी आपल्या उपयोगी पडेल.

७/
आता मावळात येऊ. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला होता आणि तोड्याची बंदूक आपल्याकडेही रुळली होती. मात्र देशी बंदुकीची घडण निराळी होती. तिची नळी दस्त्याला तारेच्या, चामड्याच्या किंवा धातूच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेली असे. पट्टी सैल झाली की पुन्हा आवळायची, तुटली की दुसरी बांधायची. गावचा लोहार किंवा चांभार हे काम करू शके.
या रचनेत बारीक स्क्रूवाचून फारसे अडत नसे. तिला मागासलेपण समजू नये. पावसाळी डोंगरात, कारखान्यापासून दूर, हाताशी असलेल्या साधनांनी नीट करता येईल अशी ती वस्तू होती.

८/
बारीक स्क्रू मावळात मोठ्या संख्येने आला तो कंपनीच्या फौजेबरोबर. जानेवारी १७७९. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठी मुलुखाने त्याला 'इष्टुर फाकडा' या नावाने स्मरणात ठेवले. पुढे तळेगावहून माघार घेताना इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकल्या. महादजी शिंदे आणि पुणे दरबारच्या फौजांनी त्यांना वडगावात कोंडले आणि अखेर त्यांना तह करावा लागला.
हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. आपण त्या शिपायांच्या हातातील बंदुकीकडे पाहू.

९/
ती गारेची बंदूक होती. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटे आणि ठिणगी रंजकावर पडे. गारगोटी दोन जबड्यांत धरलेली असे आणि ते जबडे आवळण्यासाठी एक स्क्रू असे. गारगोटी झिजली की तो सैल करून ती बदलावी लागे. चापाची सगळी यंत्रणा दस्त्याला बसवणारे स्क्रू वेगळेच.
म्हणजे कार्ले-वडगावच्या माळावर लढणाऱ्या त्या फौजेला बारुदीइतकाच पेचकसही आवश्यक होता. या स्क्रूंच्या डोक्यावर एकच सरळ खाच असे. ही सरळ खाच विसरू नका. धाग्याच्या शेवटी ती परत भेटेल.

१०/
त्या स्क्रूंत एक मोठी उणीव होती. प्रत्येक स्क्रू हाताने घडलेला असल्यामुळे तो ज्या भोकासाठी घडला त्यातच नीट बसे. दोन बंदुका सुट्या करून स्क्रूंची सरमिसळ झाली, तर पुन्हा जोडताना हत्यारघराच्या कारागिराची पंचाईत होई. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. त्यांचे अंतर वेगळे, उतार वेगळा.
इ. स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्सलेने आटे अचूक कापणारे लेथ यंत्र तयार केले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच माप सुचवले. आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीसाठी इंचामागे आट्यांची ठरलेली संख्या.

११/
व्हिटवर्थचे माप ब्रिटनच्या रेल्वे कारखान्यांनी उचलले आणि रेल्वेबरोबर ते सह्याद्रीत आले. बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे काम हाती घेताच वारले, तेव्हा त्यांची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. २५ बोगद्यांचा हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यासाठी हजारो मजुरांनी प्राण गमावले. त्यांतील बहुतेकांची नावेही कोठे नोंदलेली नाहीत.
पुढे लोणावळ्यात रेल्वेचा इंजिन-कारखाना उभा राहिला. ज्या मुलुखात बंदूक चामड्याने आवळली जाई, तेथील फिटर आता विलायती मापाचे आटे ओळखू लागला.

१२/
या प्रमाणीकरणाने काय बदलले? मँचेस्टरला घडलेला बोल्ट आणि लोणावळ्यात बसवलेली चाकी एकमेकांना ओळखू लागली. वस्तू कोणी घडवली हे माहीत नसतानाही ती दुरुस्त करता येऊ लागली.
त्यातून एक नवा पेचही निर्माण झाला : माप एकच असेल तरच हे सारे चालते. अमेरिकेने १८६४ नंतर ६० अंशांचे आटे स्वीकारले. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि कालांतराने मिलिमीटरचे आटे रूढ झाले. जुन्या व्हिटवर्थ बोल्टवर मिलिमीटरची चाकी चढवली की ती थोडी फिरते आणि अडकते. जोर लावला की आटे जातात.
'जोर लावूनही फिरत नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'माप वेगळे आहे' एवढाच असतो.

१३/
आता डोक्याकडे. सरळ खाचेतून पेचकस बाजूला निसटतो. कारखान्यात वेगाने काम करणाऱ्या यंत्राला हे परवडत नाही. यावर अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील हेन्री फिलिप्स यांनी अधिकच्या आकाराची खाच पुढे आणली आणि १९३६ मध्ये तिची पेटंटे मिळवली. त्याच वर्षी कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत ती वापरली गेली. टोक आपोआप मधोमध बसते, त्यामुळे यंत्र चालवणाऱ्याला नेम धरावा लागत नाही.
मात्र या खाचेच्या भिंती उतरत्या आहेत. जोर मर्यादेबाहेर गेला की पेचकस वर उचलला जातो आणि घसरतो. जुळणीच्या वेळी हा गुण ठरतो. वीस वर्षांनी तोच स्क्रू काढताना दोष.

१४/
येथे आपण जपानला परत जातो. ज्या देशाने १५४३ मध्ये स्क्रू प्रथम पाहिला, त्याने विसाव्या शतकात स्वतःच्या औद्योगिक मानकांत अधिकच्या खाचेचे स्वतःचे माप ठरवले. दिसायला ती फिलिप्ससारखीच. कोन आणि कोपऱ्यांची गोलाई थोडी निराळी. फिलिप्सचा पेचकस तिच्यात तळापर्यंत पोहोचत नाही. तो वरवर टेकतो, फिरवताच घसरतो आणि खाच खातो. अशा जपानी स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो.
आपल्या सहाव्या स्क्रूच्या हट्टाचे सर्वांत मोठे कारण हेच असते. बहुतेक प्रसिद्ध हँडहेल्ड कन्सोल जपानी कंपन्यांचे आहेत आणि आपल्या हातातील पेचकस बहुधा फिलिप्सचा.

१५/
निन्टेंडो ही कंपनी १८८९ मध्ये क्योतो येथे पत्ते बनवण्यासाठी स्थापन झाली. १९६५ मध्ये तिने गुनपेई योकोई या तरुणाला कारखान्यातील यंत्रांची देखभाल करण्यासाठी नेमले. त्याच योकोईंनी पुढे 'गेम अँड वॉच' (१९८०) घडवले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली 'गेम बॉय' (१९८९) साकार झाला. गेम बॉय व त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.
यंत्रे उघडून नीट करणे हे ज्याचे पहिले काम होते, त्याच्या हातून हे खेळणे जन्मले. आणि त्याच्या गेम-कार्ट्रिजवर असा स्क्रू होता, जो घरातील कोणत्याही पेचकसाने उघडत नसे. पुढे गेम बॉय कलर (१९९८) व अॅडव्हान्स (२००१) यांच्या पाठीवर तीन पाकळ्यांचा, इंग्रजी वाय अक्षरासारखा स्क्रू आला. स्विच (२०१७) याच्या पाठीवरही तोच आहे.

१६/
स्क्रूच्या इतिहासातील हे मोठे वळण आहे. तोवर डोक्याचा आकार बदलत गेला तो पकड सुधारावी म्हणून. आता तो बदलला तो उघडणारा कोण असावा, हे ठरवण्यासाठी. कंपन्यांचीही बाजू आहे : लहान मुलांच्या हाती विजेचे भाग लागू नयेत, नकली वस्तू बनू नयेत. पण परिणाम एकच झाला. विकत घेतलेल्या वस्तूचा मालक तिच्या दारापाशी परका ठरला.
कुलूप फार काळ टिकले नाही. आज पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर या सगळ्या आकारांच्या टोकांचा संच सहज मिळतो.

१७/
तिसरी गोष्ट गंजाची. लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हवेतील ओल लोखंडी आट्यांत शिरते, गंज धरतो आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे स्क्रू आतूनच पाचरीसारखा घट्ट होतो. भरीला विसरलेल्या सेलमधून पाझरलेला क्षार.
याच गावात १५ फेब्रुवारी १९४५ रोजी नौदलाची प्रशिक्षणसंस्था सुरू झाली. आज ती आयएनएस शिवाजी म्हणून ओळखली जाते. तेथे युद्धनौकांच्या यंत्रांचे तंत्रज्ञ घडतात. समुद्राची खारी हवा म्हणजे गंजाचे माहेरघर. आणि ती यंत्रे सांभाळण्याची विद्या शिकवली जाते सह्याद्रीच्या माथ्यावर, तितक्याच ओल्या गावात!

१८/
एक विलक्षण योगायोग पाहा. १९५३ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी हवेवाचून घट्ट होणारा चिकट द्रव शोधला. हादऱ्यांनी स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून तो आट्यांवर लावतात, हेच लॉकटाइट. त्याच वर्षी, त्याच देशात क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावरील ओल हटवण्यासाठी डब्ल्यूडी-४० तयार झाले. आज तेच जाम झालेले स्क्रू सोडवायला घरोघर वापरतात.
एकाच वर्षी घट्ट धरणारा आणि सोडवणारा, असे दोन्ही द्रव जन्मले. कन्सोलवर मात्र दुसऱ्याचा फवारा मारू नका. तो पडद्यात, बटणांच्या रबरात आणि प्लॅस्टिकवर पसरतो. हवाच असेल तर सुईच्या टोकाने एक थेंब स्क्रूवर ठेवावा.

१९/
आता हा इतिहास हाती घेऊन सहाव्या स्क्रूकडे परतू. क्रम असा :
• प्रथम सेल किंवा बॅटरी काढा. ती आत असेल आणि निघत नसेल, तर उष्णतेचा उपाय करू नका.
• खाचेतील मळ सुईने काढा. मळ असेल तर योग्य टोकही तळाला पोहोचत नाही.
• जपानी मापाचे, अचूक आकाराचे टोक घ्या. ते खाचेत सरळ उभे राहिले पाहिजे.
• फिरवण्यापेक्षा दाबण्यावर अधिक जोर द्या. घसरणे हा उतरत्या भिंतींचा स्वभाव आहे. त्यावर उतारा दाबाचाच.
• आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने फिरवा. गंजाची पकड दोन्हीकडून मोडते.

२०/
एवढ्याने न निघाल्यास :
• खाच थोडी गोल झाली असेल तर मध्ये रुंद रबर बँड ठेवून दाबा. रबर रिकामी जागा भरून काढते.
• सोल्डरिंग आयर्नचे टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. उष्णतेने लॉकटाइट मऊ होते आणि धातू प्रसरण पावून गंजाची पकड सैल होते. भोवतीचे प्लॅस्टिक वितळणार नाही, हे पाहा.
• काहीच न चालल्यास, डोके पृष्ठभागाच्या वर असेल तर बारीक पात्याने त्यावर एक सरळ खाच कापा आणि साध्या चपट्या पेचकसाने फिरवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. धातूचा कीस उडतो आणि तो आतल्या पट्टीवर पडता कामा नये.

२१/
हा शेवटचा उपाय करताना क्षणभर थांबून पाहा. जपानी मानक, अमेरिकी पेटंट, तीन पाकळ्यांचे कुलूप, हे सारे संपल्यावर आपल्या हाती उरते ती एक सरळ खाच. १७७९ च्या जानेवारीत वडगावच्या माळावर, गारेच्या बंदुकीच्या चापावर होती तीच.

२२/
जोडतानाही एक युक्ती ध्यानात ठेवा. प्लॅस्टिकच्या भोकात स्क्रू पुन्हा बसवताना तो आधी हलक्या हाताने उलटा फिरवा. एका क्षणी तो किंचित खाली पडल्याचे बोटांना जाणवते. तेथे जुने आटे सुरू होतात. मग सुलटा आवळा. हे केले नाही तर स्क्रू जुन्या वाटेशेजारी नवी वाट कोरतो आणि दोन-चार वेळांत भोकाचे आटे जातात.

२३/
२४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, भारत सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागचा विचार. जगभर या मागणीला कायद्याचे रूप येत आहे. वस्तू विकत घेणे आणि तिचा मालक होणे यांत अंतर पडले आहे, ही जाणीव त्यामागे आहे.
तानेगाशिमाच्या लोहाराला हे सांगावे लागले नसते. नळी पुन्हा उघडता यावी, यासाठीच तर तो स्क्रू शिकायला धडपडत होता.

२४/
म्हणून पुढच्या वेळी सहावा स्क्रू अडला की मनगटाचा जोर वाढवण्याआधी तीन प्रश्न विचारा. याचे माप कोणाचे? याचे डोके कोणासाठी? हा कोणत्या हवेत राहिला? उत्तरे मिळाली की तो बहुधा निघतो. आणि निघाला की जपून ठेवा. त्याच जागी, त्याच आट्यांत तो परत जायचा आहे.

धागा समाप्त. तुमच्या घरातील जुन्या यंत्रांवर कोणत्या आकाराचे स्क्रू आहेत, ते पाहून जरूर लिहा.